सुट्यांचं टेबल

बॅराक्लफचा फोन आला तेव्हा क्लिफर्ड हार्कनरॉइड लीड्सच्या बाजारात पाईच्या दुकानापुढे रांगेत उभा होता. पुढे दोन बायका होत्या, मागे एक म्हातारा सारखा घसा खाकरत होता, आणि काचेमागच्या तबकात डुकराचं मांस भरून भाजलेल्या दोनच पाई उरल्या होत्या. त्यामुळे क्लिफर्डचं अर्धं लक्ष पुढच्या बाईच्या तोंडाकडे होतं. बॅराक्लफ हा हॅलिफॅक्सचा दगड कोरणारा. शनिवारी ओव्हरडेनच्या चर्चमध्ये बसवायची क्लिफर्डच्या पूर्वजाची शिळा त्याच्याकडे होती. "काम झालंय," तो म्हणाला, "पण एक ओळ मोकळी राहतेय हो. वर एबल हार्कनरॉइड, त्याखाली जॉनचा मुलगा, आणि पार खाली बाप्तिस्मा सोळाशे अठ्ठ्याण्णव. मधे जागा उरलीय, ओकीबोकी दिसते. हल्ली लोक आईचंही नाव घालतात. काय होतं आईचं नाव?"

क्लिफर्डच्या जिभेवर 'मेरी' आलंच होतं. त्या काळी निम्म्या बायका मेरीच असायच्या, कुणी विचारलं नसतं. ओठ मिटलेही होते त्या 'म'साठी. आणि मग ते उघडेनात. पुढच्या बाईने दोन्ही पाई घेतल्या, की एकच घेतली, हे त्याला दिसलं पण कळलं नाही. "काय देऊ, राजा?" दुकानातल्या बाईने विचारलं. फोनमधून बॅराक्लफ म्हणत होता, "हॅलो? आहात ना?"

"उद्या सांगतो," क्लिफर्ड म्हणाला.

"नऊच्या आत सांगा. दहाला मी दगड गाडीत घालणार."

"आणि तुम्ही मला कधी सांगणार?" दुकानातली बाई म्हणाली. क्लिफर्डने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि रांगेतून बाहेर पडला. मागच्या म्हाताऱ्याने खाकरणं थांबवून पाई घेतली.

बाजारातून तो नुसता चालत सुटला. बटणांचं दुकान, मासळीचा ओला कट्टा, चपलांचा ढीग, पुन्हा बटणांचं दुकान. आपण गोल फिरतोय हे त्याच्या ध्यानात आलं तरी पाय थांबेनात. आयुष्यभर त्याने शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं जुळवली होती. दोन गाड्यांच्या मधे भोक राहिलं की ते बुजवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. एनिड, त्याची बायको, म्हणायची की हा माणूस भोपळा असता तरी त्याने आतल्या बिया रांगेत लावल्या असत्या. आता बॅराक्लफने एक भोक दाखवलं होतं आणि ते बुजवायला एक शब्द पुरला असता. पण हा प्रश्न त्याला पूर्वी एकदा विचारला गेला होता. शब्दही जवळपास हेच होते. "आणि आई?" चौतीस वर्षांपूर्वी, हेअरहिल्सच्या घरात, वरच्या खोलीत, उशीला टेकून बसलेल्या त्याच्या वडिलांनी विचारलं होतं. "बापाचं नाव कळलं. आणि आई कोण?" त्या वेळी क्लिफर्ड म्हणाला होता, "तेव्हा आईचं नाव लिहीत नसत, बाबा." ते खरंही होतं. त्या दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं.

जगात हार्कनरॉइड आडनावाची दोनशे बारा माणसं होती. ती सगळी क्लिफर्डच्या घरी राहत, मागच्या खोलीत, बुटांच्या खोक्यांमध्ये, एकेका कार्डावर. रॉइड म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला, ओव्हरडेन गावाच्याही वर, कधीकाळी कुणीतरी असं रान तोडलं, तिथे शेत झालं, शेताचं नाव माणसांना लागलं. आज तिथे चार भिंती उभ्या आहेत, त्याही मेंढ्यांना आडोसा म्हणून. पण नाव मात्र खाली उतरलं. आधी दरीतल्या हातमागांवर गेलं, तिथून लीड्सच्या कापडाच्या कारखान्यांत, तिथून जहाजात बसून कॅनडात आणि टास्मानियात. असलं दुर्मिळ आडनाव ज्याच्या वाट्याला येतं त्याला शाळेत चिडवून घ्यावं लागतं, आणि मोठेपणी त्याचाच अभिमान वाटू लागतो. एकाहत्तर साली या लोकांनी मंडळ काढलं. दरवर्षी सप्टेंबरात ओव्हरडेनच्या हॉलमध्ये जेवण ठरलं. टेबलं शाखांप्रमाणे मांडायची. शेताची शाखा स्टेजसमोर, गिरणीची शाखा तिच्या शेजारी. आणि ज्यांची नाळ मूळ झाडाला जोडता येत नव्हती ते सुटे. सुट्यांचं टेबल दाराजवळ. हे कुणाला टोचावं म्हणून केलं नव्हतं. जागेची सोय म्हणून केलं होतं, आणि माणसं सोय म्हणून जे करतात तेच बहुधा सर्वांत जास्त टोचतं.

क्लिफर्डचे वडील एर्नेस्ट कारखान्यात कोटांना इस्त्री करत. आयुष्यभर वाफेत उभे राहून त्यांची छाती गेली होती. मंडळाच्या तिसऱ्या जेवणाला ते नवा टाय बांधून गेले, आणि एका बाईने यादीत बोट फिरवून त्यांना दाराजवळ बसवलं. लीड्सची शाखा सुटी होती. एबल हार्कनरॉइड नावाच्या विणकराचं लीड्समधलं लग्न सापडलं होतं, दफन सापडलं होतं, दफनाच्या नोंदीत वय होतं त्यामुळे जन्माचं सालही कळत होतं. पण ओव्हरडेनच्या चर्चच्या वहीतली नेमकी ती दहा वर्षं ओल लागून कुजली होती. एबल होता, त्याला बाप नव्हता. एर्नेस्टने ओव्हरकोट गळ्यापर्यंत बंद करून जेवण केलं. तेव्हाचे अध्यक्ष टेबलाटेबलाशी थांबत, हसत येत होते. ते म्हणाले, "एर्नेस्टला निघायची घाई दिसतेय." सगळे हसले. क्लिफर्डही हसला. ते हसणं नंतर कितीदा तरी त्याला आठवलं. परतीच्या बसमध्ये वडील एवढंच म्हणाले, "तिथे वारा येतो फार." आणि मग थंडीभर तेच. डॉक्टर आला तरी तेच, एनिडने सूप आणलं तरी तेच. त्या दाराजवळ वारा फार. क्लिफर्डला कळत होतं की अपमान झालाय आणि म्हातारा त्याला वारा म्हणतोय. सप्टेंबरातल्या हॉलमध्ये कसला आलाय वारा.

तो स्टेशनात शिरला होता. कधी शिरला ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण यॉर्कची गाडी लागलेली होती आणि तो तिच्यात बसला. पाईच्या दुकानातून थेट इथे. एनिडला कळवायला हवं, असं त्याच्या मनात येत राहिलं, आणि फोन खिशातच राहिला. त्या वेळीही तो याच वाटेने गेला होता. डिसेंबर होता. ओव्हरडेनची वही कुजली तरी दरवर्षी तिची एक नक्कल बिशपकडे जात असे, आणि त्या नकला यॉर्कच्या दफ्तरात होत्या. वडिलांना डॉक्टरने नाताळापर्यंतची मुदत दिली होती. दफ्तरातल्या बाईने चष्मा वर करून सांगितलं की ओव्हरडेनचा गठ्ठा दुरुस्तीला गेलाय, मार्चमध्ये या. चूक तिची नव्हती, कुणाचीच नव्हती. क्लिफर्ड पायऱ्या उतरला, परतीच्या गाडीत बसला, आणि लीड्स यायच्या आधी त्याने खिशातल्या कार्डावर लिहिलं: एबल, शेतावरच्या जॉनचा मुलगा, बाप्तिस्मा १६९८. खाली तारीख, सही, आणि दोन शब्द. स्वतः पाहिले. या छंदाच्या लोकांत त्या दोन शब्दांवर कुणी शंका घेत नाही. माणूस बायकोवर घेईल, पाद्र्यावर घेईल, पण ज्या माणसाने 'स्वतः पाहिले' म्हणून सही केलीय त्याच्यावर नाही.

जॉन खरा होता. त्याला चार मुलगे होते, वहीतल्या शाबूत पानांवर चौघांचीही नावं होती. क्लिफर्डने त्याच्या पदरात पाचवा टाकला, इतकंच. जॉनला कळणार नव्हतं आणि म्हाताऱ्याला कळायला वेळ उरला नव्हता. ते कार्ड वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आईचं विचारलं, आणि म्हणाले, "म्हणजे आपण तिथलेच." त्या संध्याकाळी ते उठून जेवले. जानेवारीत गेले. हे सगळं तिथेच संपायला हवं होतं, वडिलांबरोबर जायला हवं होतं. पण तेराव्यालाच म्हणावं अशा घाईने मंडळाच्या पत्रकात ते छापून आलं. एर्नेस्टने मरण्याआधी अध्यक्षांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं होतं. पाठोपाठ कॅनडातून एकाने कळवलं की त्याचा पूर्वज एबलचा नातू. मग टास्मानिया. मग ब्रॅडफर्डचे दोन भाऊ. दहा-पंधरा वर्षांत एकेक करून सगळे सुटे एबलला येऊन लटकले, आणि दाराजवळचं टेबल रिकामं झालं. एबलच्या शाखेला हॉलमधलं सर्वांत लांब टेबल मिळालं. क्लिफर्ड चिटणीस झाला. नियमावली त्यानेच टाइप केली: शाखा बापाकडून धरावी, नोंद पाहिलेली असावी. टाइप करताना हात थरथरला होता का? नाही. तेच तर त्याला आता गाडीत बसून आठवत होतं, की हात थरथरला नव्हता. चौतीस वर्षं गठ्ठा यॉर्कमध्ये होता, तासाभराच्या अंतरावर, आणि तो एकदाही गेला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याने खिडकीच बंद करून घेतली होती.

दफ्तर आता नव्या इमारतीत होतं. त्याने पेन जमा केलं, पेन्सिल घेतली, आणि गठ्ठ्याचा नंबर न पाहता लिहिला. हा नंबर आपल्याला इतकी वर्षं पाठ होता, हे त्याला तेव्हा कळलं. मग गठ्ठा आला. चामड्याच्या लांबट पट्ट्या होत्या, कडक, कडेला वळलेल्या, आणि त्यांना जुन्या कपाटासारखा वास होता. तो पट्ट्या उलगडत गेला. मनात एकच धावा चालला होता: नसू दे. हे साल नसलेलं असू दे. उंदरांनी खाल्लेलं असू दे. नाहीतर असू दे, आणि जॉनच असू दे. अशीही गंमत होऊ शकते, माणूस अंधारात दगड मारतो आणि तो लागतो. सोळाशे शहाण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णवची पट्टी अखंड होती, शाई तपकिरी पण स्वच्छ. फेब्रुवारी. एबल, अनौरस, सुसाना हार्कनरॉइड हिचा मुलगा.

त्याने ते तीनदा वाचलं. बापाच्या जागी काही नव्हतं. खोडलेलं नव्हतं, कुजलेलं नव्हतं, नव्हतंच. कारकुनाला ठाऊक असेल, गावाला तर असणारच, पण कुणी लिहिलं नाही. त्याने पुढच्या-मागच्या पट्ट्यांवर सुसाना शोधली. ती जॉनची बहीण होती, पुतणी होती, की शेतावर कामाला ठेवलेली कुणी लांबची, कळायला मार्ग नव्हता. तिचा बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, दफन नाही. चामड्यावर ती एकदाच आली होती, फेब्रुवारीतल्या त्या एका दिवशी, पोर हातात घेऊन. चर्चमध्ये थंडी असेल. पाद्र्याने विचारलं असेल, बाप कोण? आणि ती गप्प बसली असेल, किंवा बोलली असेल आणि त्यानेच लिहिलं नसेल. मग नाव लावायचं कुठलं, तर तिचं. दोनशे बारातल्या निम्म्या-अधिक माणसांचं आडनाव एका बाईकडून आलं होतं, जिच्यापाशी द्यायला तेवढंच होतं. आणि क्लिफर्डने तिच्या जागेवर जॉनला आणून बसवलं होतं. आजवर त्याला वाटायचं की आपण एक भोक बुजवलं. तिथे भोक नव्हतंच. तिथे ही उभी होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं तेव्हा त्याला कळलं की आपण पेन्सिल मोडलीय.

परतीच्या गाडीत दुसरंच सुरू झालं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. बॅराक्लफला काय हवं होतं? आईचं नाव. ते आता मिळालं होतं, खरंखुरं, स्वतः पाहिलेलं. जॉनचा मुलगा, त्याखाली सुसाना. एक शब्द कोरायचा. दगड सुंदर दिसेल, लोक खूश होतील, जॉन आणि सुसाना शेतावरचं एक मानाचं जोडपं होऊन जाईल. कुणी दफ्तरात गेलंच तर सुसाना सापडेलच की. बापाचं नाव कारकून विसरला असेल म्हणतील. म्हणजे खोटं तेवढंच राहील आणि वर खऱ्याचा टिळा लागेल. ही युक्ती इतकी सफाईदार होती की एक क्षण त्याला बरं वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला शिसारी आली. तो उठून डब्याच्या दारापाशी उभा राहिला. मग परत बसला. मग पुन्हा उठला. समोरच्या बाईने आपली पर्स मांडीवर ओढून घेतली.

घरी एनिड स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. "पाई कुठंय?" तिने विचारलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "बस."

तो बसला आणि त्याने सांगितलं. चौतीस वर्षं घोळवलेलं बोलणं चार मिनिटांत संपलं. एनिडचे हात थांबले नाहीत. शेंग उकलत होती, वाटाणे वाडग्यात पडत होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तू दुपारच्या जेवायच्या वेळेला परत आलास. दफ्तरात गेलेला तू कधी दिवेलागणीच्या आत आला आहेस? लग्न ठरलेलं आपलं. मी मनात म्हटलं, बाई, हा तिथे काही वाचून आलेला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे वडील त्या दिवशी जेवले, क्लिफ. माझ्या हातचं दोनदा घेतलं. मी काय बोलू?" तिने सालं कागदात गुंडाळली. "नंतर बोलायला हवं होतं, हे खरं. पण तू चिटणीस झालास, मग ती टास्मानियाची बाई रडत रडत शेतावर जाऊन आली. राहून गेलं."

त्याने मग ती युक्तीही सांगितली. जॉन आणि सुसाना, एक शब्द, शनिवारी सगळे आनंदात. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होता. एनिडने पहिल्यांदा हात थांबवले.

"म्हणजे आता तिचं लग्नही तूच लावणार?" ती म्हणाली. "तीनशे वर्षांनी? तिला न विचारता?"

ती वाटाणे धुवायला उठली. तो मागच्या खोलीत गेला आणि खोक्यांसमोर उभा राहिला. दोनशे बारा कार्डं. त्याने एबलचं काढलं, पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर वडिलांच्या अंगठ्याचा तेलकट डाग. हे कार्ड फाडायचं तर तो डागही फाटणार होता. त्याला रडू आलं. सरळ, लहान मुलासारखं, नाक वाहेपर्यंत. वडिलांसाठी की स्वतःसाठी की त्या बाईसाठी, हे त्याने लावून पाहिलं नाही. कार्ड त्याने परत खोक्यात ठेवलं.

सकाळी पावणेनऊला त्याने बॅराक्लफला फोन लावला. "आईचं नाव सुसाना," तो म्हणाला. "मोकळ्या ओळीत घाला. सुसानाचा मुलगा. आणि जॉनची ओळ काढा."

"काढा म्हणजे?" बॅराक्लफ म्हणाला. "हा दगड आहे, मि. हार्कनरॉइड. पाटी नाही पुसायला."

"मग काय करता येतं?"

"अक्षरं जातील इतकं खाली घासायचं. तेवढा पट्टा खोल होणार. कुणालाही दिसेल की इथे काहीतरी होतं."

"दिसू दे," क्लिफर्ड म्हणाला.

"चूक कुणाची म्हणून सांगू? माझ्या नावावर नको हं."

"माझ्या नावावर."

शनिवारी ओव्हरडेनमध्ये ऊन होतं. सत्तरएक माणसं आली होती. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर शिळा निळ्या फडक्याखाली होती. फडकं ओढायचा मान सर्वांत लांबून आलेल्या माणसाचा, म्हणजे टास्मानियाच्या लॉर्नाचा. ती साठीची, उन्हाने रापलेली, मोठ्या हाडापेराची बाई होती, आणि या एका दिवसासाठी तिने तीन विमानं बदलली होती. क्लिफर्डने ठरवलं होतं की फडकं ओढायच्या आधीच बोलायचं. मग ठरवलं, प्रार्थनेनंतर बोलायचं. मग लॉर्ना पुढे गेली आणि फडकं खाली आलं.

"एबल हार्कनरॉइड," तिने मोठ्याने वाचलं, आणि अडखळली. खाली नुसता खोलगट पट्टा होता, ताज्या दगडाचा, बाकीच्यापेक्षा फिका. मग, "सुसानाचा मुलगा."

म्यूरिएल हार्कनरॉइड मंडळाच्या अध्यक्ष होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, शेताच्या शाखेच्या, आणि ज्या अध्यक्षांनी एर्नेस्टच्या कोटाची थट्टा केली होती त्यांची मुलगी. त्यांनी काठी टेकत पुढे येऊन दगडावरून बोट फिरवलं. "क्लिफर्ड," त्या म्हणाल्या, "जॉन कुठे गेला?"

"जॉन मी घातला होता," क्लिफर्ड म्हणाला. आवाज फुटेल असं त्याला वाटलं होतं, पण तो वेळापत्रक वाचल्यासारखा सपाट निघाला. "त्र्याहत्तर साली. मी नोंद पाहिली नव्हती. पाहिली म्हणून सही केली. परवा जाऊन पाहिली. सुसाना हार्कनरॉइड हिचा अनौरस मुलगा, एवढंच आहे. बाप लिहिलेला नाही. ती कुणाची कोण, तेही कळत नाही."

चर्चबाहेरची मेंढरं ऐकू आली. मागे कुणीतरी हलकेच म्हणालं, "म्हणजे चौतीस वर्षं?" म्यूरिएलबाईंनी बोट दगडावरून काढलं आणि रुमालाला पुसलं. "नियम बापाकडून धरायचा आहे," त्या म्हणाल्या. रागाने नाही, माहिती द्यावी तसं. "तूच टाइप केला होतास."

"हो."

"मग मी काय करू?"

"नियमात आहे तेच करायचं. आम्ही पुन्हा सुटे."

जेवण ठरलेलं होतं, मांस कापून झालं होतं, म्हणून सगळे हॉलमध्ये गेले. एबलच्या शाखेच्या लांब टेबलाभोवती माणसं घुटमळत होती. कुणी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा, कुणी बसून पुन्हा उठलेला. ब्रॅडफर्डच्या दोघा भावांतला धाकटा क्लिफर्डच्या जवळून जाताना म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला पुरताना पाद्र्याकडून जॉनचं नाव वाचून घेतलं होतं आम्ही, हरामखोरा," आणि पुढे गेला. एनिड रश्शाचं भांडं घेऊन उभी होती. तिने ऐकलं, आणि त्या भावाच्या ताटात रस्सा वाढला.

दाराजवळचं टेबल रिवाजाने अजून मांडत असत. चार खुर्च्या होत्या. बसायला कुणी नसल्यामुळे गेली कित्येक वर्षं लोक त्यावर कोट टाकत. क्लिफर्डने कोट एकेक करून उचलले, खुंट्यांवर नेऊन टांगले. सगळ्यांचे कोट टांगायला बराच वेळ लागला आणि सगळे बघत होते. मग तो भिंतीकडे पाठ करून दाराकडच्या खुर्चीत बसला. ही खुर्ची कुणाची ते त्याला सांगावं लागलं नाही. चौतीस वर्षं तो या हॉलमध्ये येत होता, आणि या खुर्चीत एकदाही बसला नव्हता.

कुणी येईना. त्याने काटा उचलला आणि खाली ठेवला. पाय हलत होता, तो दाबून धरला. एनिड यायला निघाली होती, तिला त्याने नजरेनेच थांबवलं. मग लॉर्ना आली. ताट हातात नव्हतं. ती समोर उभी राहिली, आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"मी त्या शेतावरची माती नेली," ती म्हणाली. "बाटलीत भरून. जॉनची म्हणून. फडताळावर ठेवलीय, माझ्या आईच्या फोटोशेजारी. ती बाटली आता कुणाची म्हणून ठेवू, ते सांग."

"मला माहीत नाही, लॉर्ना."

"माहीत नाही. छान." ती वळून लांब टेबलाकडे पाहत राहिली. तिथे आता बरेच जण उभेच होते, ताटं हातात घेऊन, कुठे बसावं ते न कळून. "आम्ही एक्केचाळीस आहोत," ती म्हणाली. "मोजलेत मी. आणि इथे खुर्च्या चार."

"हो."

तिने एक खुर्ची ओढली. जोरात ओढली, फरशीवर कर्र झालं. धपकन बसली. त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघं तसेच बसले, समोर रिकामा मेजपोस. दार कुणीतरी उघडून बाहेर गेलं आणि ते नीट लागलं नाही. ते नीट लागतच नव्हतं. चौकट वाकली होती, आणि खालच्या फटीतून, बाहेर एवढं ऊन असताना, डोंगरावरचा गार झोत थेट मानेवर येत होता. लॉर्नाने खांदे आवळले आणि कोटाची गुंडी लावली.

"इथे वारा येतो," ती म्हणाली.

"माझे वडील सांगायचे," क्लिफर्ड म्हणाला. "मी त्यांचं खरं मानलं नाही."